सुरतेची शाळा आणि मातृभाषेचा दावा

सुरतेचे नाव निघाले म्हणजे मराठी वाचकाच्या मनात प्रथम १६६४ आणि १६७० ही दोन साले उभी राहतात. मोगलांचे ते श्रीमंत बंदर शिवछत्रपतींनी दोन वेळा लुटले, ही कथा आपण बाळपणापासून ऐकत आलो. त्यानंतर आठवते ते १९०७ चे काँग्रेसचे अधिवेशन. जहाल आणि मवाळ यांची फूट तेथेच पडली. परंतु सुरतेशी आपला तिसराही एक ऋणानुबंध आहे आणि त्याची आठवण फारशी कोणी काढीत नाही. मुलांना शाळेत कोणत्या भाषेतून शिकवावे, हा वाद आज घराघरांत आणि न्यायालयांत चालू आहे. त्या वादाच्या आरंभीच्या प्रकरणांत सुरतेच्या शाळेचे नाव येते, आणि त्याच प्रकरणात एका थोर मराठी व्याकरणकाराचेही नाव येते. मराठी आणि कोंकणी अशा दोन भाषा एकाच घरात सांभाळणाऱ्या आमच्या वाचकांस हा इतिहास परका वाटू नये, म्हणून तो येथे मांडण्याचे योजिले आहे.

पेशवाई १८१८ साली बुडाली आणि पुढच्याच वर्षी मौंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन मुंबईचा गव्हर्नर झाला. त्या वेळी आपल्याकडे गावोगावी पंतोजींच्या शाळा होत्या, तशाच गुजरातेत मेहताजींच्या निशाळा होत्या. कोणाच्या पडवीत, कोणाच्या ओसरीवर, कोठे देवळाच्या आवारात मुले बसत. धूळपाटीवर अक्षरे गिरवावयाची, पाढे घोकावयाचे, पावकी, निमकी, सवायकी, दिडकी, औटकी पाठ म्हणावयाची, आणि पुढे हिशेब व पत्रलेखन शिकून दुकानाच्या गादीवर किंवा कुळकर्ण्याच्या दप्तरात जाऊन बसावयाचे, एवढाच त्या शिक्षणाचा पल्ला. आमच्या औटकीला गुजराती मुले ‘ऊठां’ म्हणत. पाढा तोच, भाषा निराळी. छापील पुस्तक कोणापाशीच नव्हते. ‘मातृभाषेतून शिक्षण’ हा शब्दप्रयोग त्या काळी कोणास सुचलाही नसता, कारण घरच्या भाषेवाचून दुसऱ्या भाषेत पाढे म्हणता येतात ही कल्पनाच कोणाच्या डोक्यात नव्हती. मातृभाषेचा दावा मांडावा लागला तो तिला प्रतिवादी भेटल्यावर.

एल्फिन्स्टनचे धोरण या बाबतीत बंगालहून वेगळे होते. १८२२ साली मुंबईत ‘हैंदशाळा आणि शाळापुस्तक मंडळी’ स्थापन झाली. १८२७ पासून तिला बाँबे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी असे नाव मिळाले. कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस हा तिचा चिटणीस. पाश्चात्त्य विद्या या देशाच्या लोकांस द्यावयाची तर ती त्यांच्या भाषेतून द्यावी, आणि त्यासाठी आधी पुस्तके आणि शिक्षक तयार करावे, असा या मंडळींचा क्रम होता. एल्फिन्स्टनने १८२३ च्या आपल्या शिक्षणविषयक टिपणातही देशी भाषांतील शाळा व पुस्तके यांवरच भर दिला. मराठीच्या बाजूने सदाशिव काशीनाथ ऊर्फ बापू छत्रे, जगन्नाथशास्त्री क्रमवंत, पुढे बाळशास्त्री जांभेकर अशी माणसे कामास लागली. गुजरातीच्या बाजूने भडोचचे रणछोडदास गिरधरभाई झवेरी यांनी पाठ्यपुस्तकांच्या भाषांतराचा भार उचलला. खुद्द जर्व्हिसने गणिताचे ग्रंथ देशी भाषांत उतरविले. अपूर्णांक, भूमिती, बीजगणित यांस शब्द नव्हते ते घडवावे लागले, आणि एका भाषेत घडलेला संस्कृत शब्द पुष्कळदा दुसऱ्या भाषेतही चालला.

मग शिक्षकांची निवड झाली. चौदा मराठी आणि दहा गुजराती असे चोवीस शिक्षक मुंबईत तयार करून १८२६ साली जिल्ह्याजिल्ह्यांत धाडण्यात आले. सुरतेच्या सरकारी गुजराती शाळेचा जन्म या योजनेतला. आमच्या वाचकांनी या क्रमाकडे विशेष लक्ष द्यावे: आधी पुस्तक, मग शिक्षक, आणि मग शाळा. आजकाल घोषणा आधी होते, शाळेची पाटी नंतर लागते, आणि पुस्तक व शिक्षक यांचा शोध शेवटी सुरू होतो.

याच काळात मुंबईत आणखी दोन प्रयोग झाले, त्यांचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाता येत नाही. जर्व्हिसच्या देखरेखीखाली स्थापत्यशास्त्राचा वर्ग देशी भाषांतून चालला; आणि १८२६ साली डॉक्टर मॅक्लेनन यांनी देशी भाषांतून वैद्यक शिकविणारी शाळा सुरू केली. दोन्ही संस्था १८३२ च्या सुमारास बंद झाल्या. पुढे १८४५ साली ग्रँट मेडिकल कॉलेज निघाले ते इंग्रजी भाषेतून. मराठी-गुजरातीतून वैद्यक आणि स्थापत्य शिकविणे अशक्यच, असे जे आज गृहीत धरले जाते, त्यास निदान एवढे उत्तर आहे की ते शिकविले गेले होते. ते बंद पडले ते पुरते रुजण्याच्या आतच.

आता सुरतेकडे वळू. त्या शाळेत दुर्गाराम मंछाराम मेहताजी नावाचे एक असामान्य गृहस्थ शिक्षक होते. जन्म १८०९, जात नागर ब्राह्मण, गाव सुरतच. मुंबईस जाऊन ते शिक्षकीसाठी तयार झाले आणि सुरतेस परत येऊन मुलांना गुजरातीतून गणित, भूगोल, खगोल शिकवू लागले. पृथ्वी गोल आहे, ग्रहणाचे कारण अमुक आहे, भूतबाधा आणि मूठ मारणे यांस आधार नाही, हे त्यांनी सुरतेच्या गल्लीतल्या मुलांना सुरतेच्या बोलीत सांगितले. मूल घरी जाऊन तेच आजीला सांगू शकले, आणि आजी त्यावर वादही घालू शकली. हा वाद घरात शिरला तो केवळ भाषेच्या दाराने.

याच सुरतेस १८४० नंतर दादोबा पांडुरंग तर्खडकर आले. जन्माने मुंबईकर, ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ लिहून १८३६ सालीच त्यांनी नाव मिळविले होते, मध्यंतरी जावऱ्याच्या नबाबाकडे शिक्षक होते. सुरतेत त्यांची नेमणूक सरकारी इंग्रजी शाळेत होती. मराठीचा व्याकरणकार, गुजराती गाव, आणि शिकवावयाची भाषा इंग्रजी, असा हा योग. दादोबा आणि दुर्गाराम यांची मैत्री जमली. त्यांना दिनमणिशंकर शास्त्री, दामोदरदास आणि दलपतराम मास्तर असे तिघे मिळाले. पाचांचीही नावे ‘द’ पासून सुरू होतात म्हणून गुजरातेत त्यांस ‘पाच दद्दा’ म्हणून ओळखतात. त्यांनी २२ जून १८४४ रोजी मानवधर्म सभा स्थापिली. तिच्या धर्मविषयक मतांविषयी आमच्या वाचकांत मतभेद असणे स्वाभाविक आहे. तत्कालीन सुरतेतही ते होतेच. आम्हांस येथे सांगावयाचे आहे ते एवढेच की सभेचा कारभार गुजरातीत चाले, चर्चा उघड्यावर होत, आणि दुर्गारामांनी तिची दैनंदिनी गुजरातीत लिहून ठेवली. तिच्या आधारे महीपतराम रूपराम नीलकंठ यांनी पुढे १८७९ साली दुर्गारामांचे चरित्र प्रसिद्ध केले.

दादोबा १८४६ च्या सुमारास मुंबईस परतले आणि शिक्षक तयार करणाऱ्या नॉर्मल वर्गाचे काम त्यांच्याकडे आले. १८४९ साली मुंबईत परमहंस सभा निघाली, तिचे बी सुरतेतलेच होते. ज्या मराठी माणसाने सुरतेत इंग्रजी शिकविले, त्यानेच मराठी शिक्षकांची पहिली पिढी घडविण्यास हातभार लावला. इंग्रजी शिकणे आणि इंग्रजीतून शिकणे या दोन गोष्टी निराळ्या आहेत, हे दादोबांच्या चरित्रावरून जितके स्पष्ट होते तितके कोणत्याही वादविवादाने होत नाही. इंग्रजी उत्तम जाणणारा हा मनुष्य मराठीचे व्याकरण लिहीत होता, कारण मुलांस आपली भाषा शास्त्रशुद्ध रीतीने समजावी असे त्यास वाटत होते.

या शाळांचे पीक काय आले? एकट्या सुरतेपुरते पाहिले तरी यादी लहान नाही. ‘करण घेलो’ ही गुजरातीतील पहिली कादंबरी १८६६ साली प्रसिद्ध झाली. तिचे लेखक नंदशंकर मेहता सुरतेचे, पेशाने शिक्षक. १८७३ साली पूर्ण झालेला ‘नर्मकोश’ हा शब्दकोश एकट्याच्या हिमतीवर रचणारे कवी नर्मद सुरतेचे. महीपतराम आणि टीकाकार नवलराम हेही सुरतेचेच. हे सर्व लोक इंग्रजी शिकले होते; परंतु पाटीवर प्रथम गुजराती गिरविलेले हे लोक होते. म्हणून इंग्रजीतून जे मिळाले ते गुजरातीत उतरविण्याची त्यांना ओढ लागली आणि तेवढी शक्तीही त्यांच्या अंगी होती. पुढे थिओडोर होप या शिक्षणाधिकाऱ्याच्या देखरेखीखाली गुजराती वाचनमाला तयार झाली, आणि पिढ्यान् पिढ्या मुलांनी ‘होप वाचनमाला’ वाचली. तापीवरील १८७७ च्या पुलास याच होपचे नाव मिळाले.

दरम्यान मुंबईत मोठा वाद पेटला होता. कलकत्त्यास मेकॉलेने २ फेब्रुवारी १८३५ च्या आपल्या टिपणाने इंग्रजीचा पक्ष सरकारच्या गळी उतरविला होता. मुंबईत १८४० साली शिक्षणाचा कारभार बोर्ड ऑफ एज्युकेशनकडे गेला, आणि १८४३ पासून सर अर्स्किन पेरी हे न्यायाधीश त्याचे अध्यक्ष झाले. वरच्या वर्गातील थोड्या लोकांस इंग्रजीतून उत्तम शिक्षण द्यावे, ते हळूहळू खाली झिरपेल, असा पेरींचा पक्ष. उलट, लोकांस ज्ञान द्यावयाचे तर ते लोकांच्या भाषेतूनच दिले पाहिजे, असा जर्व्हिसचा पक्ष. १८४७ साली दोघांनी लांबलचक टिपणे लिहिली. बोर्डावरील तिन्ही हिंदी सभासद, म्हणजे जगन्नाथ शंकरशेट, फ्रामजी कावसजी आणि महंमद इब्राहिम मकबा, हे जर्व्हिसच्या बाजूने उभे राहिले. एक हिंदू, एक पारशी, एक मुसलमान. तिघांच्या घरच्या भाषा वेगळ्या, परंतु मत एक.

नाना शंकरशेटांचे १ मे १८४७ चे टिपण आम्ही वकिली दृष्टीने पाहतो तेव्हा त्यातील संयमाचे नवल वाटते. इंग्रजीची निंदा त्यात नाही. इंग्रजीचे महत्त्व मान्य करून ते म्हणतात की बहुजनसमाजात उपयुक्त ज्ञान पसरविण्यास देशी भाषाच अधिक समर्थ आहेत. संस्कृत किंवा अरबी हेही त्या कामास चालणार नाही. हे लिहिणारा मनुष्य संस्कृतचा द्वेष्टा नव्हता. मॅट्रिकला संस्कृतात पहिल्या येणाऱ्या विद्यार्थ्यास मिळणारी जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती कोणास ठाऊक नाही? इंग्रजीचाही तो शत्रू नव्हता. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनच्या उभारणीत त्याचा हात होता. मुंबईत नाना चौकाजवळ भवानीशंकराचे देऊळ आजही त्या घराण्याची साक्ष देते. देवळाची पूजा संस्कृतात, पेढीचा व्यवहार इंग्रजीत, आणि शाळा मुलाच्या भाषेत, अशी प्रत्येकीची जागा ठरवून देणारी ही बुद्धी होती.

निकाल मात्र कोणाच्याच बाजूने पुरता लागला नाही. प्राथमिक शाळा देशी भाषांत राहिल्या. वरच्या शिक्षणाचे दार इंग्रजीकडे गेले. १९ जुलै १८५४ चा सर चार्ल्स वुड यांचा खलिता आला, त्यानेही जनसामान्यांसाठी देशी भाषा आणि उच्च शिक्षणासाठी इंग्रजी हीच वाटणी कायम केली. तळमजला मातृभाषेचा आणि वरचा मजला इंग्रजीचा, असे हे दुमजली घर. ज्यास वर जावयाचे आहे तो तळमजल्यावर फार वेळ कशाला थांबेल? हायकोर्टातील वकिली, सरकारी नोकरी, डॉक्टरी, सारे वरच्या मजल्यावर. तेव्हा आईबापांनी जिना लवकर गाठण्याची घाई केली, यात त्यांचा लोभ जितका होता त्याहून घराच्या रचनेचा दोष अधिक होता. आज तीन वर्षांच्या मुलाला इंग्रजी शाळेत बसविणारा बाप त्याच रचनेप्रमाणे वागत असतो.

या रचनेविरुद्ध मोठी माणसे बोलली नाहीत असे नाही. महर्षी कर्वे यांनी १९१६ साली महिला विद्यापीठ काढले ते मातृभाषेच्या माध्यमाचे. प्रथम मराठीतून आणि मग गुजरातीतूनही मुली पदवीपर्यंत पोचल्या. गांधीजींनी २० ऑक्टोबर १९१७ रोजी भडोचच्या गुजरात शिक्षण परिषदेत अध्यक्ष या नात्याने मातृभाषेच्या माध्यमाचाच आग्रह धरला. परक्या भाषेच्या ओझ्याने मुलांची किती वर्षे वाया जातात याचा हिशेब मांडला. १९५३ साली युनेस्कोने जगभरच्या तज्ज्ञांच्या विचाराने जो अहवाल प्रसिद्ध केला, त्याचाही निष्कर्ष असाच होता की शिक्षणाचा आरंभ मातृभाषेतूनच करावा आणि होईल तितके पुढेपर्यंत तीच चालवावी. १८४७ साली शंकरशेटांनी मुंबईत बसून जे सांगितले, त्यास शतकानंतर जगाची मान्यता मिळाली.

स्वातंत्र्यानंतर हा वाद सभागृहातून न्यायालयात आला. वकिलीचा व्यवसाय असल्याने या भागाविषयी आम्हांस थोडे विस्ताराने लिहिण्याची मुभा वाचकांनी द्यावी. १९५४ च्या जानेवारीत मुंबई सरकारने आदेश काढला की इंग्रजी माध्यमाच्या शाळांनी ज्यांची भाषा इंग्रजी नाही अशा हिंदी मुलांस प्रवेश देऊ नये. देवळालीच्या बार्न्स हायस्कूलचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि त्याच वर्षी तो आदेश रद्द झाला. मातृभाषेच्या हितासाठी काढलेला आदेश होता. परंतु केवळ भाषेच्या कारणावरून मुलास शाळेचे दार बंद करता येत नाही, हे न्यायालयाने सांगितले. दोन वर्षांनी, १९५६ साली, सातव्या घटनादुरुस्तीने ३५०-अ हे कलम घटनेत आले: भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांस प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची पुरेशी सोय प्रत्येक राज्याने करावी. १ मे १९६० रोजी मुंबई राज्याचे दोन भाग झाले आणि सुरत गुजरातेत गेली. कालपर्यंत राज्याच्या एका भाषेचे असलेले सुरतेचे मराठी लोक एका रात्रीत भाषिक अल्पसंख्याक ठरले.

या फाळणीचा एक धागा दोनच वर्षांत सर्वोच्च न्यायालयात उलगडला. ‘गुजरात विद्यापीठ विरुद्ध कृष्ण रंगनाथ मुधोळकर’ या खटल्याचा निकाल २१ सप्टेंबर १९६२ चा आहे. मुधोळकरांच्या मुलाने १९६० च्या मार्चमध्ये मुंबई राज्याची एस. एस. सी. परीक्षा मराठीतून, म्हणजे आपल्या मातृभाषेतून, दिली होती. अहमदाबादच्या सेंट झेव्हियर्स कॉलेजात त्याने पहिले वर्ष इंग्रजीतून पुरे केले. इंटरच्या वर्गात जाताना विद्यापीठाचे नियम आडवे आले: माध्यम गुजराती किंवा हिंदी. परीक्षेची उत्तरे इंग्रजीत लिहिण्याची परवानगी मिळाली, वर्गात इंग्रजीतून शिकण्याची मिळाली नाही! बापाने उच्च न्यायालयात अर्ज केला आणि तो मंजूर झाला. विद्यापीठ सर्वोच्च न्यायालयात गेले. न्या. जे. सी. शाह यांनी लिहिलेल्या बहुमताच्या निकालाने ठरले की गुजराती किंवा हिंदी हेच एकमेव माध्यम लादण्याचा अधिकार कायद्याने विद्यापीठास दिलेला नाही. न्या. सुब्बा राव यांचे मत वेगळे पडले.

या खटल्यातील खोच वाचकांच्या ध्यानी आलीच असेल. विद्यापीठ लढत होते देशी भाषेच्या बाजूने. तरीही ज्या मुलाचे शालेय शिक्षण मातृभाषेतून झाले होते, त्यालाच इंग्रजीचा आसरा घ्यावा लागला. एकाची मातृभाषा दुसऱ्यावर लादली की ती त्या दुसऱ्याची मातृभाषा होत नाही. ‘मातृभाषा’ हा शब्द राज्याचा नसून मुलाचा आहे, हा या निकालापासून घ्यावयाचा धडा आहे.

पुढचा टप्पा २०१४ चा. कर्नाटक सरकारने प्राथमिक शाळांत मातृभाषेचे माध्यम सक्तीचे केले होते. घटनापीठाने ६ मे २०१४ रोजी ते रद्द केले आणि सांगितले की मुलाची मातृभाषा कोणती व त्याने कोणत्या भाषेतून शिकावे हे ठरविण्याचा हक्क पालकाचा आहे. सरकारला तो हिरावून घेता येत नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यात ‘शक्य तेथवर’ मातृभाषेचे माध्यम असावे असे म्हटले आहे, आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही निदान पाचवीपर्यंत, शक्य असेल तेथे, घरची भाषा असावी असा पुरस्कार आहे. ‘शक्य तेथवर’ या शब्दांत कायद्याची सारी सौम्यता सामावली आहे.

न्यायालयात अज्ञान मुलाच्या नावाने दावा चालतो तेव्हा कागदावर त्याच्या नावापुढे ‘अ. पा. क.’ लिहून पालकाचे नाव लिहितात, अज्ञान-पालनकर्ता. अशा पालकाने स्वतःच्या सोयीसाठी नव्हे, अज्ञानाच्या हितासाठी बोलावयाचे असते. त्याचे हित पालकाच्या हितास विरोधी दिसले तर न्यायालय त्यास दूर करते. २०१४ च्या निकालाने भाषेच्या दाव्यात प्रत्येक आईबापाला हे पालकत्व दिले. मात्र मुलाचे हित तो पाहतो की शेजाऱ्यापाजाऱ्यांतील आपली प्रतिष्ठा पाहतो, हे विचारणारा न्यायाधीश येथे कोणी नाही. तो ज्याचा त्यानेच व्हावयाचे आहे.

आजची सुरत पाहिली तर हा प्रश्न किती जिवंत आहे ते कळते. तापीच्या खोऱ्यातून खानदेशास जोडणारी रेल्वे विसाव्या शतकाच्या आरंभी झाली, आणि यंत्रमाग व साड्यांच्या धंद्याने जळगाव, धुळे, नंदुरबार या भागांतील हजारो कुटुंबे सुरतेत आणली. उधना, लिंबायत, डिंडोली या वस्त्यांत मराठी दुकानांच्या पाट्या आणि गणेशोत्सवाचे मंडप दिसतात. सुरत महानगरपालिकेची शिक्षण समिती गुजराती, हिंदी, मराठी, उर्दू, उडिया, तेलुगू आणि इंग्रजी अशा सात माध्यमांच्या प्राथमिक शाळा चालविते. गंजामहून आलेल्या मजुराच्या मुलासाठी उडिया, तेलंगणातल्या विणकराच्या मुलासाठी तेलुगू, खानदेशी कामगाराच्या मुलासाठी मराठी. १८२६ साली एका भाषेची एक शाळा जेथे उघडली, तेथे आज एका नगरपालिकेच्या छत्राखाली सात भाषांचे फळे आहेत. घटनेच्या ३५०-अ कलमाचा अर्थ पाहावयाचा असेल त्याने दिल्लीस न जाता सुरतेस जावे. गुजरातच्या २०२३ च्या कायद्याने पहिली ते आठवी गुजराती हा विषय सर्व शाळांत सक्तीचा झाला, तोही आम्हांस अन्यायाचा वाटत नाही. ज्या गावी राहावयाचे त्या गावची भाषा आलीच पाहिजे. महाराष्ट्रात मराठी सक्तीची करण्याविरुद्ध गुजराती भाषिकांनी केलेला दावा सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली फेटाळला तो याच न्यायाने. गुजरातेत मराठीस जे मागावयाचे ते महाराष्ट्रात गुजरातीस देण्याची तयारी आपली असली पाहिजे.

तथापि या मराठी शाळांच्या पोटातही आणखी एक प्रश्न आहे, आणि तो आमच्या वाचकांच्या अगदी जवळचा आहे. लिंबायतच्या मराठी शाळेत बसणाऱ्या कित्येक मुलांची घरची बोली अहिराणी आहे. ग्रिअर्सनने आपल्या भाषा-पाहणीत कोंकणीस मराठीच्या खंडात घातले, आणि अहिराणी किंवा खानदेशीस मात्र मराठीबाहेर, भिल्ल भाषांच्या शेजारी बसविले. कोंकणी माणसास पहिला निर्णय मान्य नाही. खानदेशी माणसास दुसरा पुष्कळदा विचित्र वाटतो. पंडितांनी कोणता खंड ठरविला यापेक्षा पहिलीच्या वर्गातले मूल पहिल्या दिवशी कोणता शब्द ओळखते, हे शिक्षकास महत्त्वाचे असले पाहिजे. जो शिक्षक अहिराणीत चार वाक्ये बोलून मुलाला हसवितो आणि मग मराठीच्या पुस्तकाकडे नेतो, तो मातृभाषेचे शिक्षण देतो. त्याची बोली गावंढळ म्हणून जो त्यास गप्प करतो, त्याच्या हाती मराठी पुस्तक असले तरी त्याने मेकॉलेचेच काम केले.

हेच आपल्या घरी. गोव्यात १६८४ साली पोर्तुगीज सरकारने कोंकणी टाकून तीन वर्षांत पोर्तुगीज बोलण्याचे फर्मान काढले; कोंकणी मेली नाही, पण शाळेबाहेर राहिली. १८५८ साली कुन्य रिव्हार या पोर्तुगीज विद्वानाने कोंकणीचा ऐतिहासिक निबंध लिहून त्या भाषेची बाजू घेतली. हिंदूंच्या घरांत बोलणे कोंकणी राहिले. पुराण, कीर्तन, आरती आणि पत्रव्यवहार मराठीत चालला. मराठीने त्या दिवसांत आपला धर्म आणि आपली लिपी सांभाळली, हे ऋण कोणी नाकारू नये. परंतु शणै गोंयबाब (१८७७–१९४६) यांनी विचारलेला प्रश्नही नाकारता येत नाही: मूल आईजवळ कोंकणी बोलते, तर त्याच्या पहिल्या पुस्तकात कोंकणी का नसावी? १९८७ साली कोंकणी गोव्याची राजभाषा झाली, १९९२ साली घटनेच्या आठव्या परिशिष्टात गेली. १९९० साली गोवा सरकारने प्रादेशिक भाषांतील प्राथमिक शाळांनाच अनुदान देण्याचे ठरविले आणि २०११ साली इंग्रजी शाळांनाही ते खुले केले. मराठीवादी आणि कोंकणीवादी परस्परांशी भांडत राहिले, आणि पालक त्या भांडणाला कंटाळून तिसऱ्याच दाराने निघून गेले.

म्हणून आमचे सांगणे थोडे आणि रोखठोक आहे. मातृभाषेचा हक्क कायद्याने मान्य केला आहे; तो बजावण्याचे काम मात्र कोणतेही न्यायालय करून देणार नाही. १८२६ ची सुरतेची शाळा हुकमाने उघडली खरी. पण ती टिकली छत्रे, झवेरी, जर्व्हिस यांनी रात्री जागून लिहिलेल्या पुस्तकांनी आणि दुर्गाराम-दादोबांसारख्या शिक्षकांनी. आपल्या देवस्थानांनी आणि ज्ञातिसंस्थांनी विद्यार्थी-निधी, वसतिगृहे, शिष्यवृत्त्या यांची परंपरा राखली आहे. त्या निधीचा काही भाग पहिल्या चार इयत्तांच्या मराठी व कोंकणी पुस्तकांसाठी, देवळाच्या सभामंडपात भरणाऱ्या बालवर्गासाठी, आणि मुलाची बोली जाणणाऱ्या शिक्षकाच्या वेतनासाठी वेगळा काढावा. ज्या घरी कोंकणी आहे तेथे आरंभ कोंकणीने व्हावा, मराठी तिच्या पाठोपाठ यावी. ज्या घरी मराठी आहे तेथे मराठीने. इंग्रजी उत्तम शिकवावी, दादोबा शिकवीत तशी. पण एक विषय म्हणून.

यास खर्च येईल तो एखाद्या उत्सवाच्या मंडपाहून फार अधिक नाही. उत्सवात जी आरती मुले म्हणतात, तिचा अर्थ आणखी वीस वर्षांनी त्यांना कळावा असे वाटत असेल, तर या वर्षीच्या ताळेबंदात ही एक बाब घालण्यास कोणत्याही विश्वस्त मंडळास अडचण पडू नये.